जास्त झालं म्हणून कमी पडलं

आत्या,

त्या वर्षी झेंडू असा आला होता की रानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्याच दसऱ्याला आपल्या घरात पुरण शिजलं नाही. मला ते वर्ष रंगानेच आठवतं. मखमलाबादच्या रस्त्याकडेचा तो तुकडा आण्णा वाट्याने करायचे. त्यावर पिवळ्या-केशरीचा एक जाड थर आणि त्या थरावर बसलेलं सकाळचं धुकं. आई वाकून फुलं खुडत असायची. धुक्यात ती दिसायची नाही, तिचा पदर तेवढा फुलांवरून सरकताना दिसायचा. घरात दोन्ही वेळा भाकरी आणि ठेचा. आईची दाढ ठणकत होती, माझा गणवेश आखूड झाला होता, छपराचा एक पत्रा उडाला होता आणि तिथे पोतं टाकलेलं होतं. काहीही मागितलं की आई म्हणायची, "दसरा होऊ दे." इतकं सगळं त्या एका दिवसावर टाकलेलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी आपण सगळे टेम्पोत क्रेट लादून फुलबाजाराकडे निघालो. तू त्या दिवशी रजा काढून मदतीला आली होतीस. नदीचा पूल आला. काठापासून वरपर्यंत नजर जाईल तिथे झेंडूच होता. दिंडोरीचा, आडगावचा, चांदवडचा, कुठून कुठून आलेला. आदल्या दसऱ्याला झेंडूने चांगला भाव खाल्ला होता, म्हणून जो तो आपल्या रानात उभा राहून, आपल्या डोक्याने विचार करून, झेंडूच लावून मोकळा झाला होता. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नाही.

माळ्याच्या घरात फुलावर पाय देत नाहीत. आण्णा तर सरीत पडलेलं फूलही उचलून बांधावर ठेवायचे. त्या दुपारी कुणी कवडीलाही घेईना, तेव्हा त्यांनी क्रेट रस्त्यावर उपडे केले, कारण परत न्यायचं भाडं अंगावर आलं असतं. सगळ्यांनीच केले. गुडघाभर झेंडूतून रिक्षा जात होत्या, टायरांना केशरी चिखल लागत होता आणि हवेत तो कडवट ओला वास भरून राहिला होता. आण्णा त्या फुलांतून चालत टेम्पोकडे आले तेव्हा त्यांनी चपला काढून हातात घेतल्या होत्या.

मी विचारलं, "आण्णा, फुलं एवढी आली, मग आपल्याला कमी का पडलं?"

टेम्पोवाला हसला. आई म्हणाली, "नशीब." आण्णांनी चपला पायात घातल्या. तू टेम्पोच्या फाळक्याला टेकून उभी होतीस. तू हसली नाहीस.

"प्रश्न बरोबर हाय पोरीचा," तू म्हणालीस. "उत्तर लय लांबचं हाय. सांगीन."

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. आणि तुझं ते सांगणं अजून माझ्या कानात चालूच आहे, मधेच थांबतं, पुन्हा सुरू होतं, जसं शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीतून ऐकू यावं.

*

लोक भेटायला येतात तेव्हा तुझ्याबद्दल भलतंच बोलतात. म्हणतात, कौसल्याबाई किती साध्या होत्या. मी ऐकून घेते. साधी तू कधी होतीस? सातपूरच्या कारखान्यात विजेची बटणं जोडायचीस तेव्हा सुपरवायझर तुझ्या लाइनीवरून जाताना छाती आत घ्यायचा. पुढे तो कारखाना बंद पडला आणि तू कोपऱ्यावर हार-फुलांचं दुकान टाकलंस. तिथेही गिऱ्हाईक तुला घाबरून हार निवडायचं. चुकलीस तरी आवाज चढा. एकदा तू भर बैठकीत देशाची लोकसंख्या दहापटीने सांगितलीस. मी दुरुस्त केली तर म्हणालीस, "होईल की तेवढी." सगळ्या हसल्या, तू सर्वांत जास्त.

तुझा रविवारचा वर्ग. त्याला वर्ग तूच म्हणायचीस, बाकी सगळ्या त्याला 'कौसाबाईच्या माळा' म्हणायच्या. दुपारी जेवणं झाली की अंबडच्या कारखान्यांतल्या बाया तुझ्या खोलीत जमायच्या. मधोमध ओल्या फडक्यावर शेवंतीचा नाहीतर मोगऱ्याचा ढीग. प्रत्येकीने सुई-दोरा घ्यायचा, मांडीत फुलं घ्यायची आणि ओवत ओवत ऐकायचं. हात रिकामा राहिला की डोकं पेंगतं, असा तुझा सिद्धांत होता. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरकं यायचं, फुलांवर पाण्याचे थेंब चमकायचे, आणि तू पलंगावर मांडी घालून मंदी, नफा, मजुरी असे शब्द त्या उन्हात सोडून द्यायचीस. ते शब्द खोलीत तरंगत राहायचे. मला आजही 'भांडवल' म्हटलं की मोगऱ्याचा वास येतो. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं तर त्यांना मी वेडी वाटेन.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी तुला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आत्या, या बाया तुझ्या सोमवारच्या दुकानाच्या माळा फुकट ओवतात. हे शोषण नाही का?"

खोलीत सुया थांबल्या.

"चहा देते की मी," तू म्हणालीस.

"मजुरी चहात?"

"बिस्कीट पण असतं."

पेठकडची सिंधू तेव्हा नुकतीच येऊ लागली होती. डोंगरातून दर हंगामात द्राक्षाच्या बागांवर मजुरीला येणाऱ्यांतली ती. एका वर्षी परत गेलीच नाही, गाड्यांच्या वायरी जुळवायच्या कारखान्यात लागली. तिचं मराठी तेव्हा आपल्याला नीट कळायचं नाही आणि आपलं तिला. पण ती म्हणाली, "बिस्कीट एकच असतं, आत्या." त्या रविवारपासून तू माळेचे पैसे वाटायला लागलीस. आणि वर सांगायचीस, "बघा, संघटनेशिवाय काही मिळत नाय. मालक मीच असले तरी."

*

मी आपल्या घरातली पहिली पदवीधर. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायची मला सवय नाही. तुला तर नव्हतीच. सिटी बसमध्ये तू कंडक्टरला सांगितलं होतंस, "ही माझी भाची. इकॉनॉमिक्समध्ये बीए हाय." कंडक्टर म्हणाला, "तरी तिकीट पूर्णच लागंल, मावशी."

दुसऱ्या वर्षाला व्यापारचक्राचा धडा होता. पुस्तकात एक लाट काढलेली होती. वर तेजी, खाली मंदी, मग पुन्हा वर. मी ती लाट तुला दाखवायला धावत आले होते, कारण मला वाटलं, सापडलं उत्तर. तू चष्मा लावून बराच वेळ त्या लाटेवरून बोट फिरवत राहिलीस.

"लय छान काढलीय. येते कुठून, ते लिहिलंय का?"

"येते अधूनमधून. आपोआप."

"आपोआप दूधसुद्धा उतू जात नाय, रोहे. खाली कुणीतरी जाळ केलेला असतो."

तो रविवार आणि पुढचे कितीतरी रविवार तू मला तो जाळ दाखवत बसलीस. झेंडूच्या वर्षाचं उत्तर तू तेव्हा दिलंस. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणा, आणि सगळे मिळून वेडे, म्हणालीस. कारण काय पिकवायचं, किती बनवायचं, हे लागतं किती यावर ठरतच नाही. गेल्या खेपेला कुणाला किती सुटलं त्यावर ठरतं. मग तू तुझ्या बटणांची गोष्ट सांगितलीस. कारखाना बंद पडायच्या आधी गोदामात छतापर्यंत बटणांचे खोके होते. तुम्ही इतकी बटणं जोडली की त्यांचं काय करायचं ते मालकाला कळेना, म्हणून त्याने तुम्हाला घरी बसवलं. आणि ज्या बायांना घरी बसवलं त्यांच्या वस्तीत निम्म्या घरांत वीजच नव्हती.

"बटणं जास्त नव्हती गं," तू म्हणालीस. "घरं कमी नव्हती. हातात पैसा कमी होता. आम्हाला आमच्या कामाचं पुरतं दिलं असतं तर आम्हीच घेतली असती बटणं. पूर्वी दुष्काळात माणसं उपाशी राहायची, ते कळतं. ही सुगीतली उपासमार हाय."

माझी डिग्री कागदावर कॉलेजने दिली, पण अर्थशास्त्र मला त्या वाक्यापासून यायला लागलं. हे तुला कधी बोलले नाही. तू म्हणाली असतीस, "मग गुरुदक्षिणा म्हणून कांदे सोल."

*

आणि मग आपलं भांडण सुरू झालं. एमएनंतर मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. सुट्टी लागली की माझाही पगार बंद. म्हणजे मीही एक प्रकारे हंगामी मजूरच. पण ग्रंथालय उघडं असायचं. तिथे मी ती जुनी जाड पुस्तकं वाचून काढली, ज्यांची नावं तू अर्धवट सांगायचीस. वाचता वाचता मला तुझं उत्तर अपुरं वाटायला लागलं.

मी म्हणायचे, आत्या, मजुराला त्याच्या कामाचं पुरतं कधीच मिळत नाही. तेजीतही नाही. मग मंदी रोज का नसते? उलट ती येते बरीच वर्षं चांगली गेल्यावर, पगार थोडे वर आलेले असताना. म्हणजे लोक घेत नाहीत म्हणून कारखाना थांबतो, इथून सुरुवात होत नाही. सुरुवात नफ्यापासून होते. प्रत्येक मालक दुसऱ्याच्या पुढे जायला यंत्र आणतो. ज्याने आधी आणलं त्याची चांदी. मग सगळेच आणतात, माल स्वस्त होतो, आणि यंत्रात घातलेला पैसा मात्र सगळ्यांच्या उरावर बसतो. नफा निघतो माणसाच्या कामातून, आणि माणसालाच तर त्यांनी कमी केलेलं असतं. मग टाकलेल्या पैशावर पूर्वीइतका नफा सुटत नाही. सुटत नाही म्हणून ते नवीन काही उभारत नाहीत. उभारत नाहीत म्हणून माणसं घरी बसतात. आणि मग लोक घेत नाहीत.

तू ओवता ओवता दोरा दाताने तोडायचीस. "झालं तुझं भाषण?"

"झालं."

"आता हेच जाऊन अंबडच्या गेटवर बोल. बायांनो, तुमचा पगार कमी हाय म्हणून मंदी येत नाय. बघ पायातली काढतात का नाय."

"पगार मागायचाच, आत्या. पण पगार वाढला की मंदी जाईल असं खोटं सांगायचं नाही."

"खोटं नाय ते. सोपं हाय."

"सोपं आणि खरं एकच नसतं."

"तुझं खरं सगळ्यांना झोप आणंल."

आपण दोघीही हटलो नाही. सिंधू म्हणायची, या दोघींचं चालू द्या, तोवर माझ्या चार माळा होतात. कुणी नवी बाई आली तर तिला वाटायचं आत्या-भाचीचं जमिनीवरून वाजलं आहे. मला त्या भांडणाचं व्यसन होतं. बसमधून येताना मी तुझ्या तोंडची उत्तरं मनात तयार करायचे आणि ती खोडून काढायचे. आजही तशीच तयार करते. बस तुझ्या थांब्यावर येते, मी उतरते, आणि मग आठवतं की आता भांडायला तू नाहीस.

*

या हिवाळ्यात तुझ्या छातीत पाणी झालं. तू पलंगावर उशांना टेकून बसलेली असायचीस, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. वर्ग तरीही भरत होता. तू कमी बोलायचीस, बाया हळू ओवायच्या. खिडकीबाहेर धुकं दहा वाजेपर्यंत रेंगाळायचं आणि तुझी खोली त्या धुक्यात पाण्यात बुडवून ठेवलेल्या फुलांसारखी गार आणि अंधुक असायची.

त्याच सुमारास सिंधूच्या कारखान्यात साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. गाड्या खपत नाहीत, म्हणाले. नफा राहिला नाही. तुमचे पगार परवडत नाहीत. एक तर निम्म्या बाया घरी जातील, नाहीतर सगळ्यांचा मजुरीचा दर उतरेल. काय ते तुम्हीच ठरवून सांगा.

सिंधू दुपारी डबा हातात तसाच घेऊन आली. डबा उघडलेला नव्हता.

"निम्म्यात मी हाय, आत्या," ती म्हणाली. "कंत्राटातली आधी काढतात." मग म्हणाली, "तिथं बाया आपसात बोलतात, की मागं आपण पगारवाढीसाठी गेटवर बसलो, ते चुकलं. त्याच्यानंच कारखाना खाली आला. मला पण तसंच वाटतं आता."

सिंधू गेली तर तिला पुन्हा द्राक्षाच्या बागा होत्या. ट्रॅक्टरमधून उतरायचं, बागेतल्या प्लॅस्टिकखाली झोपायचं, आणि तिच्या लेकीची इथली शाळा तुटणार होती. पण तुला त्याहून जास्त लागलं ते तिचं शेवटचं वाक्य. मी तुझा चेहरा पाहिला. धापेतही तू ताठ झालीस.

ती गेल्यावर तू म्हणालीस, "या रविवारी तू बोल. माझ्यानं व्हायचं नाय."

"काय बोलू?"

"आपलं नेहमीचं. मालक पगार कमी देतो, म्हणून माल खपत नाय, म्हणून मंदी. बास."

"आत्या, ते अर्धं आहे."

"आता तरी."

"आताच तर नाही. तू म्हणशील पगार वाढवा, मंदी जाईल. साहेब कागद काढून दाखवेल की नफा खरंच गेला आहे. आणि तो गेला असेलही. मग बाया काय म्हणतील? आत्या खोटं बोलली, साहेब खरं बोलला."

मग जे म्हणालीस ते मला टोचलं आणि ते टोचायलाच म्हटलं होतंस. "म्हणजे तुझं आणि साहेबाचं एकच झालं की गं. तो पण म्हणतो नफा गेला, तू पण."

"तो म्हणतो बायांनी घालवला. मी म्हणते मालकांनीच एकमेकांपुढे धावण्यात घालवला."

"हे सिंधूला कळंल असं सांगता येतं तुला?"

"येईल."

"येईल." तू डोळे मिटलेस. "चहा टाक. आलं जास्त घाल."

मी आतून चहा घेऊन आले तर तू झोपली होतीस. तुझा कप झाकून ठेवला. आपलं भांडण तिथेच राहिलं. गुरुवारी पहाटे तू गेलीस. मी ते भांडण जिंकले नाही आणि हरलेही नाही. याचं मला काय करावं ते कळत नाही.

*

त्यानंतर एक स्वप्न मला पुन्हा पुन्हा पडलं, उजाडता उजाडता पडतं तसलं. मोठी शेड आहे, आत माणूस नाही. यंत्रं आपापली चालली आहेत आणि वायरींऐवजी त्यांतून तोरणं बाहेर पडत आहेत, झेंडूची, छताला टेकतील एवढी. तू गेटबाहेर दुकान मांडून बसली आहेस. रस्ता मोकळा, दूरवर कुणी नाही, आणि सगळीकडे ते केशरी ऊन. मी विचारते, आत्या, गिऱ्हाईक कुठे गेलं? तू म्हणतेस, आत होतं ना, त्यांनीच बाहेर काढलं. मी म्हणते, मग ते इथे यायला हवं होतं. तू म्हणतेस, बाहेर काढल्यावर ते गिऱ्हाईक राहत नाय. आणि मग आपण वाद घालू लागतो, पण स्वप्नात तू माझी बाजू मांडत असतेस आणि मी तुझी. दोघी अगदी जिवाच्या आकांताने. जाग आली की मला बरं वाटतं, उशी थोडी ओली असते, आणि पुन्हा त्या शेडमध्ये जावंसं वाटतं.

रविवार तुझ्यासाठी थांबला नाही. तुझी रोजची फुलं कुणी बंद करायला सांगितलीच नव्हती, म्हणून शेवंतीची गोणी नेहमीसारखी दारात येऊन पडली होती. मी पोचले तेव्हा सिंधूने ती सोडून फडक्यावर पसरली होती आणि पाणी मारत होती. बाया आल्या, नेहमीपेक्षा जास्त. पलंगावर कुणी बसलं नाही. सुया सुरू झाल्या आणि मला कळलं की आता सगळ्या माझ्याकडे बघत आहेत.

मी वर्गात शिकवते तसं बोलले नाही. मी विचारलं, "ते वायर कापायचं नवीन यंत्र कधी आलं?"

"दोन दिवाळ्या झाल्या," एक जण म्हणाली.

"त्या आधी तिथे किती जणी होत्या?"

"भरपूर. आता यंत्रापाशी दोघी."

"शेजारच्या कारखान्यात?"

"त्यांनी तर आमच्या आधी आणलं. म्हणून तर आमच्याकडं आलं."

मग मी बोलत गेले. शेजाऱ्याने आणलं तेव्हा त्याने स्वस्तात दिलं आणि गिऱ्हाईक ओढलं. तुमच्या मालकाला आणावंच लागलं. आता सगळ्यांकडे तेच यंत्र, सगळ्यांच्या मालाचा भाव खाली, यंत्राचा बोजा सगळ्यांवर. नफा तिथे गेला. तुम्ही पगारवाढीला बसला नसता तरी तो गेलाच असता. आणि ज्यांना ठिकठिकाणी घरी बसवलं, त्यांच्या घरी नवी गाडी येणार नाही की फ्रीज येणार नाही, त्यामुळे वरून आणखी खप पडला. ही आत्याची बाजू, मी त्यांना म्हणाले. तिने मला शिकवलेली.

सिंधूने सुई खाली ठेवली. "म्हणजे ताई, आमच्यानं नाय झालं?"

"नाही."

"आम्ही बसलो म्हणून नाय?"

"नाही, सिंधू. तुमच्याकडे कुणी विचारायला आलं होतं का, यंत्र आणू की नको? किती माल काढू? ज्याने ठरवलं त्याने केलं."

तिने मांडीतली फुलं एकदा सारखी केली, दोन्ही हातांनी, हळू. आत्या, ते तू बघायला हवं होतंस. खोलीत तुझ्या धापेचाही आवाज नव्हता, आणि एका बाईच्या मनावरून काहीतरी उतरत होतं.

मागून एक म्हातारी कामगार म्हणाली, "मग दर उतरवून घेतला तर वाचंल का कारखाना?"

"शेजारचाही उतरवेल. मग पुन्हा तुम्ही आहात तिथेच."

"आणि वाढवून घेतला तर जाईल का मंदी?"

हा प्रश्न तुझा होता. मी क्षणभर पलंगाकडे पाहिलं. "नाही," मी म्हणाले. "एका कारखान्यात पगार वाढवून मंदी जात नाही. नफ्यासाठी चालणारं सगळं आहे तोवर ती येत राहणार. काय बनवायचं आणि किती, हे बनवणारे आणि वापरणारे मिळून ठरवायला लागतील, तेव्हाच ती जाईल."

"ते आपल्या हयातीत?"

"माहीत नाही."

"आत्यानं 'होईल' म्हटलं असतं," ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मग त्या हसण्यातच कुणीतरी रडायला लागलं.

ठरवलं ते त्यांनी ठरवलं. मी फक्त ऐकत होते. सिंधूच म्हणाली की काम निम्मं झालं असलं तर ते सगळ्यांत वाटू. एकीला पूर्ण आणि एकीला काहीच नाही, असं नको. आळीपाळीने घरी बसू. बसायच्या दिवसांचा निम्मा पगार द्या, कंत्राटातल्यांनाही द्या. आणि दराला हात लावायचा नाही. एक-दोघी कायम कामावरच्या म्हणाल्या, आम्ही का कमी दिवस घ्यायचे? त्यावर बरंच वाजलं. कुणीतरी उठून जायला निघाली आणि दारातून परत आली. शेवटी त्यांनी हात वर केले, मांडीतल्या फुलांसकट.

साहेबांनी पहिल्यांदा ऐकलं नाही. मग बाया गेटवर बसल्या. पहिल्या सकाळी नुसत्या बसल्या तर सगळ्यांचे हात चुळबुळत होते, म्हणून दुसऱ्या सकाळपासून फुलं नेली. येणारे-जाणारे ट्रकवाले हार विकत घ्यायला थांबायला लागले. मी तास संपवून दुपारी जायचे. थंडीतलं मऊ ऊन, रस्त्यावर ओल्या फडक्यांवर शेवंती, आणि एवढ्या जणी मान खाली घालून ओवत बसलेल्या. एकदा वाटलं, तू मधे कुठेतरी बसली आहेस आणि मी चेहरा शोधत गेले तर सापडशील. मी शोधला नाही. तसंच वाटू दिलं.

आण्णाही आले होते एक दिवस. बायांना वळसा घालून, फुलांवर पाय पडणार नाही असे चालत. माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "ताईला सांगायचं राहिलं. त्या झेंडूच्या वर्षी तिनं मला म्हटलं होतं, तुझं काय चुकलं नाय. मला ते तेव्हा पटलं नव्हतं."

मी म्हणाले, "आता?"

ते म्हणाले, "आता तिला कसं सांगू?"

मी ते इथे लिहून टाकलं आहे, आत्या.

आणि माझं जे राहिलं ते हे. मी तुझ्याशी भांडले, कारण माझ्याशी बरोबरीने भांडणारं तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. प्राध्यापकांनी मला मार्क दिले. तू मला कधीच मार्क दिले नाहीस, तू मला उलट उत्तर दिलंस. लहान मुलीच्या प्रश्नाला 'बरोबर आहे' म्हणणारं एखादं माणूस प्रत्येक घरात असतं तर मला वाटतं आपण सगळेच वेगळे झालो असतो. तुझी बाजू अपुरी होती असं मी अजूनही म्हणते. माझी पूर्ण आहे असं मात्र आता मी तितक्या जोरात म्हणत नाही. परवा वर्गात मुलांसमोर ती लाट फळ्यावर काढली आणि विचारलं, ही कुठून येते? कुणी हात वर केला नाही. मला तेव्हा तुझा इतका राग आला, तू नाहीस म्हणून.

मागच्या आठवड्यात साहेबांनी सही केली. मंदी गेलेली नाही, गाड्या अजून खपत नाहीत, बाया आळीपाळीने घरी बसतात आणि त्यांना चणचण आहे. पण दर उतरला नाही. बसायच्या दिवसांचा निम्मा पगार मिळतो, कंत्राटातल्यांनाही. एकाही बाईला काढलं नाही. सिंधू कामावर आहे.